रस्त्याकडची हिरवी पट्टी

माणूस काही कामे कामासाठी करतो आणि काही कामे दुसऱ्याच्या दृष्टीसाठी करतो. दोन्हींत घाम सारखाच गळतो, पाठ सारखीच वाकते. म्हणून करणाऱ्यालाही पुष्कळदा त्यांतला भेद उमगत नाही. भूमीला मात्र तो उमगतो. ती बोलत नाही, पण आपल्या वेळेला तो भेद उगवून दाखवते. ही हकिकत अशाच एका भेदाची आहे. तीत कोणी दुष्ट नाही. एक सज्जन वृद्ध आहे, ज्याने आयुष्यात कामचुकारपणा कधी केला नाही आणि ज्याच्या हातून घडला तो अपराधही कष्टाच्या अतिरेकानेच घडला.

गव्हाची कापणी नुकतीच आटोपली होती. कापणीचे यंत्र चालवणारा त्या घरातलाच मुलगा होता. बापाच्या कसणुकीतला गहू त्याने स्वतःच्या हाताने कापून दिला आणि सकाळी अंथरुणाची वळकटी घेऊन तो यंत्राबरोबर पुढे निघून गेला. जिथे जिथे गहू पिकत जाईल तिथे तिथे त्याला जायचे होते. उन्हाळा सरेपर्यंत तो परतणार नव्हता. मागे घरात तिघे राहिले. आबा, त्यांची पत्नी आणि सून.

आबांना सारा गाव पाठीमागे लख्खोबा म्हणे, आणि जवळचे लोक तोंडावरही म्हणत. त्यांच्या रानात तण दिसत नसे. बांधावर उगवलेली काडीदेखील त्यांच्या नजरेला खुपे. शेजारच्या शेतात गप्पा मारायला उभे राहिले, तरी बोलता बोलता खाली वाकून ते चार रोपटी उपटून टाकीत, आणि शेजारी त्यावर म्हणे की लख्खोबांना रोज बोलवावे, मजुरी वाचते.

परंतु ते शेत त्यांच्या मालकीचे नव्हते. ते निवृत्त मास्तरीणबाईंचे होते आणि आबा ते वाट्याने कसत असत. बाई शहरात राहत. दरवर्षी पेरणीपूर्वी एकदा येऊन त्या शेत पाहत आणि पुढची पेरणी कोणी करायची ते सांगून जात. आजवर त्यांनी आबांनाच सांगितले होते. पण शेजाऱ्यालाही ते शेत हवे होते, आणि ही गोष्ट त्याने लपवलेली नव्हती. बाईंची अट एकच होती. शेत ओढ्याकडे उतरते होते, नांगरलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाई. म्हणून गव्हाची धसकटे जागच्या जागी ठेवायची आणि नांगर लावायचा नाही. ज्या माणसाने जन्मभर नांगराने तण मारले, त्याच्या हातात बाईंनी म्हातारपणी औषधाचा पंप दिला होता.

मुलगा गेला त्याच संध्याकाळी आबांनी सुनेला सांगितले, की फवारणीवाल्याला उद्याच निरोप दे. गहू निघाला, रान मोकळे झाले, आता वाट कशाची पाहायची?

"पानांची, आबा," सून म्हणाली.

ती ओसरीवर बसून रिकामी पोती झटकत होती. झटकणे न थांबवताच तिने सांगितले, की यंत्राने गव्हाबरोबर तणाचेही शेंडे छाटले आहेत; खाली नुसती खुंटे उरली आहेत आणि त्यांच्यावर काडाची धूळ बसली आहे. औषध पानातून आत शिरते आणि तिथून मुळापर्यंत उतरते. पानच नसेल, तर ते आत जाणार कुठून? मागच्या वर्षी घाईघाईने दुसऱ्याच दिवशी फवारणी केली आणि सारे औषध वाया गेले. मेले ते फक्त पाटाच्या कडेचे तण, कारण तिथवर यंत्र पोहोचले नव्हते आणि पाला शाबूत होता. ती त्या वेळी रोज पाटावर धुणे धूत असे. तिने ते वाळताना पाहिले होते.

"म्हणजे चोराला आधी घरात घ्यायचं, पोटभर जेवू घालायचं, मग धरायचं," सासूबाई आतून म्हणाल्या.

"जेवलेल्या चोराला पळवत नाही, आई."

आबांना हसू आले नाही. पण मागच्या वर्षीचे अपयश त्यांच्याही डोळ्यांसमोर होते, आणि न्यायाच्या बोलण्याला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मान हलवली. तोंडाने दिलेला होकार मनापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

शेतात ओल होती. तिच्या आधाराने खुंटे फुटली, आणि ज्यांचे बी गव्हाच्या सावलीत दबून राहिले होते ती तणेही वर आली. चांदवेल धसकटांना वेढे घालीत चढली आणि पांढरी फुले मिरवू लागली. तांदुळजाने लालसर दांडे उभे केले. गोखरू जमिनीला छाती टेकून चारी दिशांना पसरला. त्याची पिवळी फुले दिसायला गोजिरवाणी होती. सकाळच्या तिरप्या उन्हात ते रान इतके ताजेतवाने दिसे, की अनोळखी माणसाला वाटावे, कोणी हौसेने पेरले आहे.

सून रोज सकाळी विहिरीकडच्या अंगाने शेतात जाई, तिथेच चार ठिकाणी बसे, पाने बोटांत धरून पाही आणि परत येई. तिच्या चेहऱ्यावर समाधान असे. आबांना ते समाधान पाहवत नसे.

शेताला लागूनच रस्ता होता, आणि रस्त्यावर जीभ असलेली माणसे होती. दूधवाल्याने सायकल थांबवून विचारले, की आबा, एवढा पाला ठेवलाच आहे तर माझ्या गाईला नेऊ का? बसची वाट पाहणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने खुणावत. सगळ्यांत जिव्हारी लागले ते शेजाऱ्याचे बोलणे. तो वरवर हसतमुख माणूस होता. खोचक बोलतानाही त्याचा आवाज मऊ असे.

"काय लख्खोबा, यंदा गवताला भाव चांगला आलाय वाटतं?"

त्या दिवसापासून आबा घरी ओढ्याच्या वाटेने जाऊ लागले. ती वाट लांबची होती आणि चढाची होती. गुडघे धरून मध्येच उभे राहावे लागे. पण तिथे कोणी भेटत नसे.

सुनेने सांगितले, की आणखी थोडेच दिवस. पाने तळहातावर पसरतील एवढी झाली, की फवारणीवाल्याला बोलावू. आबांनी पुन्हा मान हलवली. आणि त्यानंतर एका टळटळीत दुपारी, जेव्हा सारे गाव दारे लोटून पडले होते, तेव्हा त्यांनी खुंटीवरचा विळा काढला आणि ते शेतावर गेले.

सगळे शेत कापण्याचा त्यांचा विचार नव्हता. सुनेचे म्हणणे त्यांना मान्यच होते. त्यांनी रस्त्यावर उभे राहून नीट पाहिले. जाणाऱ्याची नजर बांधावरून आत जिथवर पोहोचत होती तिथवरचे, रस्त्याच्या अंगाचे, लांबलचक आणि चिंचोळे असे जेवढे रान होते तेवढेच त्यांनी गुडघ्यांवर बसून सरकत सरकत कापले. त्यांच्या हाताला विळ्याची इतकी सवय होती, की मनाला काही विचारण्याची त्याला गरज पडली नाही. मूठ भरली की कापायचे, डावीकडे टाकायचे, पुढे सरकायचे. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरला. तहान लागली तरी ते उठले नाहीत. कापलेला पाला धोतराच्या सोग्यात भरून त्यांनी ओढ्याकाठी टाकला, पुन्हा येऊन उरलेला नेला. मागे वळून पाहिले, तेव्हा रस्त्याच्या कडेचे रान लख्ख दिसत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीतला दगड खाली उतरला.

त्या संध्याकाळी ते घरी रस्त्याने आले.

दिवेलागणीला सासूबाईंनी त्यांचे पाऊल मांडीवर घेतले. गोखरूचे काटे टाचेत, तळव्यात, घोट्याजवळ रुतले होते. त्यांनी सुई दिव्यावर धरली आणि एकेक काटा काढून वाटीत टाकू लागल्या. आबा म्हणाले, की शेत पाहायला गेलो होतो.

"पाहायला गेलेल्या माणसाचे गुडघे मातीनं भरत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पुढे आबांना काही विचारले नाही. सून आत पाणी भरत होती. तिच्यापर्यंत आवाज जाऊ नये म्हणूनच कदाचित त्यांनी विचारले नाही. वाटीतले काटे त्यांनी चुलीत टाकले.

फवारणीवाला आला तो दिवस वाऱ्याचा निघाला. सुनेने बांधावर काठी रोवून तिला फडके बांधले होते. फडके शेजाऱ्याच्या वालाच्या मळ्याकडे उडत होते. फवारणीवाल्याचे म्हणणे असे, की एवढ्याशा वाऱ्याने काही बिघडत नाही, आणि त्याला दुपारी दुसरीकडे जायचे होते. सून म्हणाली, की तुषार तिकडे गेले तर वालाची पाने चुरगळतील आणि शेंगा धरणार नाहीत. आपले तण मारताना दुसऱ्याचे पीक मारायचे नाही. तो कुरकुरत परत गेला. शेजारी आपल्या मळ्यात पाणी देत उभा होता. त्याने ते सारे पाहिले, पण पाहिल्याचे दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट सरली, उजाडले, तरी फडके काठीला चिकटून होते. सुनेने विहिरीचे निवळ पाणी आधीच पिंपात भरून ठेवले होते. पाटाचे पाणी जवळ होते, पण ते गढूळ होते. त्यात मिसळलेले औषध मातीच्या कणांनाच बिलगून बसते आणि पानापर्यंत पोहोचले तरी निकामी ठरते. एवढ्यासाठी ती विहिरीपासून शेतापर्यंत घागरी वाहत होती आणि तिच्या खांद्याला वळ उठला होता. फवारणीवाल्याने नाकातोंडाला फडके बांधले, हातमोजे चढवले, पंप पाठीवर घेतला आणि नळीचे तोंड पानांच्या वर धरून तो संथ पावलांनी चालू लागला. पानांवर बारीक थेंब बसत होते. हवेत औषधाचा उग्र वास भरला. आबांना सुनेने लांब, बाभळीखाली बसायला सांगितले होते. तिथून ते पाहत होते.

शेवटी फवारणीवाला रस्त्याच्या अंगाला आला आणि थांबला. त्याने तोंडावरचे फडके खाली ओढले.

"वहिनी, इथं काय चरलंय? पाला कुठाय इथला?"

सून धावत आली. ती खाली बसली. बोटभर उंचीची खुंटे, कोवळे पान एखाददुसरे. फवारणीवाल्याने सांगितले, की मी मारतो, पण नंतर मला दोष देऊ नका. इथे औषधाला धरायला काही नाही.

"गुरं शिरली असतील कुणाची तरी," आबा म्हणाले.

ते बाभळीखालून केव्हा उठून आले होते ते कोणाला कळले नव्हते. हे वाक्य आपल्या तोंडून निघाले याचे सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटले असावे. आयुष्यभर ज्याने शब्द जपून वापरले त्याच्या तोंडून असत्य निघते, तेव्हा ते परक्या माणसासारखे दारात उभे राहते, आणि त्याला हाकलायचे कसे हे घरच्या माणसाला सुचत नाही.

सुनेने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग तिने त्या पट्टीवरची फवारणी थांबवली आणि उरलेले औषध आपल्याच शेतातल्या दाट तणावर संपवायला सांगितले.

गावात सुटणाऱ्या जनावरांत पहिले नाव शेजाऱ्याच्या म्हशीचे होते. दावे तोडण्यात तिचा हातखंडा होता. सून त्याच दुपारी शेजाऱ्याकडे गेली. ती भांडायला गेली नव्हती. म्हैस जरा घट्ट बांधत जा, एवढेच सांगायला गेली होती. शेजारी गोठ्यात वैरण टाकत होता. त्याच्या मऊ आवाजातला मऊपणा पहिल्यांदाच नाहीसा झाला.

"माझी म्हैस सुटते, हे मी कबूल करतो. पण ती रस्त्याच्या कडेनं सरळ रेघेत चरते का गं? आणि चरून झाल्यावर मागचं झाडून घेते?"

सुनेने चूकभूल माफ करा असे म्हटले. पण आरोप आणि माफी एकाच दमात आली, की ऐकणाऱ्याच्या मनात आरोपच उरतो. घरी परतल्यावर ती खुंटीजवळ थांबली. विळ्याच्या पात्यावर सुकलेल्या हिरव्या रसाचा पापुद्रा होता. तिने विळा काढला, पाण्याने स्वच्छ धुतला, पुसला आणि परत खुंटीला अडकवला. चुलीजवळून सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या.

इकडे शेजाऱ्याचा अपमान मुरला. त्याने मास्तरीणबाईंना फोन केला. खोटे असे त्याने काही सांगितले नाही. शेतात गुडघ्याला लागेल असे तण माजवले आहे, आणि वर दोष माझ्या म्हशीला देत आहेत, एवढे तो म्हणाला.

फवारणीनंतरचे पहिले काही दिवस शेतात काहीच घडले नाही. तण पूर्वीसारखेच टवटवीत होते. चांदवेलीला नवी फुलेसुद्धा आली. आबा बांधावर जाऊन पाहत आणि परतत. सून म्हणे, की औषध खाली उतरते आहे, त्याला उतरू द्या. मग एका सकाळी तांदुळजाचे शेंडे फिकटले. नंतर पिवळेपणा पानांच्या शिरांतून सरकत खाली आला. चांदवेलीची पाने वळली, गोखरू तपकिरी पडला, आणि हळूहळू सारे रान, गव्हाची धसकटे आणि मेलेले तण, एकाच पिंगट रंगाचे झाले. मुलाने दूरच्या कुठल्याशा रानातून फोन केला, तेव्हा सुनेने त्याला सांगितले, की यंदा जमले. यंत्राच्या घरघरीत तो ओरडून काहीतरी म्हणाला. ते तिला कळले नाही, पण तो हसत होता एवढे ऐकू आले.

एक रस्त्याकडची पट्टी तेवढी वाळली नाही. विळ्याने छाटलेल्या खुंटांना जमिनीतली ओल मिळत होती, मुळे जिवंत होती, आणि शेजारचे सारे वाळल्यामुळे त्यांना वाटेकरी उरला नव्हता. ती फुटली, दाट झाली, फुलली. पिंगट शेताला रस्त्याच्या बाजूने हिरवा काठ लावल्यासारखे दिसू लागले. जे लोकांना दिसू नये म्हणून आबा दुपारच्या उन्हात गुडघ्यांवर सरकले होते, ते आता लोकांना तेवढेच दिसत होते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्या हिरव्या भिंतीपलीकडचे काहीच दिसत नव्हते.

आणि बाईंचा निरोप आला, की उद्या येते.

त्या दिवशी आबांना जेवण गेले नाही. सासूबाई वाढत होत्या. आबा म्हणाले, की टाच अजून दुखते.

"एखादा आत राहिला असेल," सासूबाई म्हणाल्या. "माझी सुई जिथवर गेली तिथवरचे काढले. त्यापुढचा ज्याचा त्यालाच काढावा लागतो."

आबांनी ताटाला नमस्कार केला आणि ते हात धुवायला उठले.

मास्तरीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने आल्या. कृश, ताठ, हातात छत्री. रिक्षा रस्त्यावर थांबली, तेव्हा आबा, सासूबाई आणि सून बांधावर उभे होते. शेजारीही आपल्या मळ्यातून येऊन थोड्या अंतरावर उभा राहिला. आपणच फोन केला आहे हे त्याने लपवले नाही. बाईंनी रिक्षात बसल्या बसल्याच समोर पाहिले. हिरवा काठ वाऱ्यावर डुलत होता.

त्या खाली उतरल्या. त्यांनी नमस्काराला नमस्कार केला, पण चेहरा कोरा ठेवला. शाळेत उत्तरपत्रिका हाती देण्यापूर्वी त्यांचा चेहरा असाच होत असावा.

"आबा, मी तुमच्याकडून ही अपेक्षा केली नव्हती," त्या म्हणाल्या.

सून पुढे झाली आणि म्हणाली, की बाई, जरा पलीकडे चला, आतले रान बघा. पट्टी ओलांडून सारे आत गेले. बाईंच्या लुगड्याच्या काठाला गोखरू चिकटले. पट्टी संपली आणि त्या थबकल्या. ओढ्यापर्यंत उतरत गेलेले सारे शेत स्वच्छ, वाळलेले, शांत पडले होते. त्यांनी छत्री मिटली. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग मागे वळून त्यांनी त्या हिरव्या काठाकडे छत्रीचे टोक केले.

"हे सगळं असं, आणि एवढंच तसं का? फवारणी करणारा इथं येऊन दमला की काय?"

सुनेने फवारणीवाल्याचे नाव घेतले असते, तर ते चालून गेले असते. तो समोर नव्हता. म्हशीचेही चालून गेले असते. तिने जमिनीकडे पाहिले. सासूबाईंनी पदर डोक्यावर नीट केला.

"बाई, ती पट्टी माझी आहे," आबा म्हणाले.

त्यांचा आवाज लहान होता, पण तुटला नाही. त्यांनी सांगितले, की सुनेने पाने वाढू द्या म्हटले होते. मलाही पटले होते. पण रस्त्यावरची माणसे हसत होती, ते मला सोसवले नाही. मी दुपारी येऊन, दिसते तेवढे विळ्याने कापले. फवारणीवाल्याचा दोष नाही. आणि म्हशीचाही नाही.

मग ते शेजाऱ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. ज्या हातांनी कोणासमोर कधी काही मागितले नव्हते ते हात जोडलेले पाहून शेजारी गडबडला. त्याने डोक्यावरचे फडके काढले, परत बांधले.

"म्हणजे म्हैस निर्दोष सुटली म्हणायची," तो म्हणाला.

"सुटली," आबा म्हणाले.

"ती तशीही सुटतेच. पण तिला सांगतो मी, आबांनी माफी मागितली म्हणून."

सगळ्यांत आधी हसल्या त्या सासूबाई. मग सून हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले ते हसण्याचेच होते असे तिने पदराने टिपताना दाखवले. शेजारी बाईंना म्हणाला, की मी फोनवर सांगितले ते रागात सांगितले. वारा माझ्या वालाकडे होता तेव्हा या पोरीने फवारणी एक दिवस पुढे ढकलली, हेही सांगायला हवे होते, ते राहिले. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि मान हलवली.

सून खुरपे घेऊन खाली बसली. पिंगट रानात तिने वीतभर खणले आणि तिथली माती आबांच्या हातात दिली. आबांनी ती मुठीत दाबली. तिचा गोळा झाला आणि मूठ उघडली तरी तो तसाच राहिला. मग तो सुनेच्या हातात देऊन आबांनी स्वतः खुरपे घेतले. गुडघे धरत ते हिरव्या पट्टीत जाऊन बसले आणि तिथे तेवढेच खोल खणले. मूठ उघडली तेव्हा माती बोटांच्या फटींतून भुरभुर गळाली. पुढच्या पेरणीसाठी राखायची खालची ओल फुललेल्या तणाने पिऊन टाकली होती. त्यांनी सुनेकडचा गोळा घेऊन बाईंच्या तळहातावर ठेवला आणि पट्टीतल्या कोरड्या मातीची आणखी एक मूठ त्यांच्यासमोर रिकामी केली.

बाईंनी गोळा नाकाशी नेला. लहान मुलासारखा तो हुंगला.

"मी तरी काय," त्या म्हणाल्या, "मीही रिक्षात बसूनच निकाल लावत होते."

पेरणी तुम्हीच करा, असे त्यांनी सांगितले, ते इतक्या साध्या आवाजात, की क्षणभर कोणाला कळलेच नाही. मग त्या सुनेला म्हणाल्या, की पुढच्या वर्षी काय करायचे ते तू ठरव आणि मला कळव. पण ही पट्टी अशी ठेवायची नाही.

आबांचा हात नकळत कमरेशी गेला, जिथे विळा खोचलेला असतो. तो त्या दिवशी तिथे नव्हता. सुनेने ते पाहिले.

"आबा, हिला आता अजिबात हात लावायचा नाही. काही पानं अजून कोवळी आहेत, ती पुरती पसरू देत. मग एका शांत सकाळी मारू. तोवर राखण तुमच्याकडे."

"तणाची राखण?" आबा म्हणाले.

"तुमच्यापासूनच राखायचंय," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस आबा सकाळ-संध्याकाळ रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत बसलेले दिसत. ओढ्याच्या वाटेने ते पुन्हा गेले नाहीत. पट्टीतली पाने वाढत होती; हात विळ्यासाठी शिवशिवले, की आबा ते मांडीखाली दाबून बसत. दूधवाला सायकल थांबवून विचारी, की काय आबा, रान एवढे झकास वाळवले आणि ही कडा कोणासाठी ठेवली? आबा म्हणत, की माझ्यासाठी ठेवली आहे, वाढवतो आहे. कोणी हसले तर तेही हसत. शेजारी एकदा टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊन आला, त्यांच्याशेजारी बसला, आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, की माझा उशिराचा गहूही निघाला आहे. खुंटे फुटायला किती दिवस लागतात ते तुमच्या सूनबाईंना विचारायचे होते.

"विचार की," आबा म्हणाले. "पण हसतील हो लोक तुला."

"हसू देत. तुम्ही आहात ना सोबतीला."

मग एका सकाळी वारा पडलेला होता, फडके काठीला टेकून स्वस्थ होते आणि पाने तळहातावर पसरतील एवढी झाली होती. सुनेने विहिरीवरून निवळ पाण्याची घागर आणली. आबा उठले, आणि वाटेत पुढे होऊन त्यांनी ती तिच्या खांद्यावरून उतरवून घेतली.

त्या घागरीतल्या पाण्याला, ती वाहणाऱ्या खांद्यांना आणि उतरवून घेणाऱ्या थकल्या हातांना स्वास्थ्य लाभो. ज्या मातीने हसणाऱ्यांचे व हसू सोसणाऱ्यांचेही बी पोटात घेतले, तिची ओल टिकून राहो. दूर रानोरानी यंत्र हाकणारा तो मुलगा परत येईल, तेव्हा त्याला आपले शेत रस्त्यावरूनही ओळखू येवो, आणि आतूनही.